भवानीवाले काका

नवं ॲप आलं की आमच्या सोसायटीत ते सगळ्यात आधी काकांच्या फोनवर उतरतं आणि संध्याकाळी कट्ट्यावर निकाल लागतो, "फेसबुक संपलं!"

हे मी पहिल्यांदा ऐकलं 2011 मध्ये. गूगल प्लसमध्ये दोनेक आठवड्यांत कोटभर माणसं शिरली होती आणि काका, काकूंच्या माहेरच्यांना कुठल्या सर्कलमध्ये टाकावं या विवंचनेत होते. टाकलं 'ओळखीचे'मध्ये. गूगलने ते दुकान 2019 मध्ये बंद केलं. सर्कलचा विषय काकूंनी अजून बंद केलेला नाही.

काकांचं शास्त्र दुकानदारी आहे. सकाळची भवानी दणक्यात झाली की दिवाळीपर्यंतचा गल्ला पक्का! गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं का, असं विचारणं त्यांना अपशकुनी वाटतं.

2021 च्या टाळेबंदीत क्लबहाउस अँड्रॉइडवर आलं. काकांनी 'मिसळ : पुणेरी की कोल्हापुरी?' अशी खोली उघडली. पहिल्या रात्री खोलीत ही गर्दी! लोक घराबाहेर पडू लागले, तसा खोलीत एकच श्रोता उरला. तो काकूंचा फोन होता; काकांनीच तो चालू करून ओट्यावर ठेवला होता.

'कू'चा पिवळा पक्षीही होताच. तो 2024 मध्ये मिटला. मधल्या काळात इन्स्टाग्रामच्या थ्रेड्सने पाच दिवसांत दहा कोटी माणसं गोळा केली. ते ओसरलं, पण टिकलं, हे मान्य करायला हवं. काका तर तेवढंच धरून बसलेत. इन्स्टाग्रामचं दार आधीच उघडं होतं, पलीकडच्या खोलीत गर्दी व्हायला कितीसा वेळ लागणार, हे त्यांच्या हिशेबात नाही.

2025 मध्ये 'अरट्टई'. रोजची तीन हजार नोंदणी तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेल्याचं झोहोच्या श्रीधर वेंबूंनीच सांगितलं. झालं! काकांनी घरचा ग्रुप तिकडे हलवला. रोज सकाळी ते तिथे 'सुप्रभात' टाकतात. उत्तरं व्हॉट्सॲपवर येतात.

व्हॉट्सॲपवर मात्र काका आमच्यात सगळ्यात शेवटी आले. 2009 मध्ये नुसतं स्टेटस दाखवायला निघालेलं ते ॲप, त्याचा ना गाजावाजा ना आकडे. भाच्याने वर्षभरात त्यांना दाखवलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं,

"यात आहे कोण?"

"सध्या मी आणि माझा रूममेट."

काकांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "अभ्यास कर."