जवळ येऊन वाचा

धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरवर पाटी कशी असावी, हे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये मिलिमीटर मोजून लिहिलेले आहे. मालाचे नाव किमान 50 मिलिमीटर उंच अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला क्रमांक 100 मिलिमीटरच्या आकड्यांत, धोक्याच्या चित्राचा चौकोन 250 मिलिमीटरचा. अपघात झालाच तर कुणाला फोन करायचा, तो नंबर पुन्हा 50 मिलिमीटरमध्ये. म्हणजे फार तर तीन बोटे. तेव्हा टँकरपासून किती लांब पळायचे हे ठरवण्यासाठी नागरिकाने आधी टँकरपाशी जायचे आहे.

पेट्रोलची पाटी घ्या. क्रमांक 1203. शेजारी अग्निशमन दलासाठी एक सांकेतिक खूण असते : 3 वाय ई. तीन म्हणजे फेस वापरा. शेवटचा ई म्हणजे आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा. विचार होईपर्यंत सांडलेले पेट्रोल भरून न्यायला वाडीवरून कळशा, बादल्या आणि गोडेतेलाचे रिकामे डबे निघालेले असतात. इंग्रजी शाळेतल्या एखाद्या पोराने ती दोन अक्षरे जोडून वाचलीच, तर उच्चार 'ये' असा होतो. सरकारने बोलावले, लोक आले. विडीही कानावर होतीच.

चालकाचे नियम याहून कडक. त्याला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि वर इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी, शिवाय प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे. इतकी अट आपण आमदारालाही घालत नाही. मालाची माहिती आणि अपघातात काय करायचे, याचा कागदही त्याच्याजवळ असावा लागतो. तो असतो की. प्लॅस्टिकच्या पिशवीत, टोलच्या पावत्यांखाली, घडीवर तुटलेला. बंपरवरची लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी. महाराष्ट्रात वेळच्या वेळी होणारी सुरक्षा तपासणी ती हीच.

13 जून 2023 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडले. चार जण गेले. नियमानुसार पाटी तीन जागी लागते, दोन्ही अंगांना आणि मागे. पुलाखालून जाणाऱ्याने कुठली वाचायची, ते नियमात नाही.

तरी देखरेखीला माणसे कमी आहेत असे कुणी म्हणू नये. मुंबईहून पेट्रोल पाइपलाइनने मनमाडला येते, तेव्हा ते पेट्रोलियम नियामक मंडळाच्या नजरेखाली असते. वरच्या जमिनीला 1962 चा कायदा. शेतकऱ्याने तिथे विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही, घर बांधायचे नाही. मनमाडजवळच्या पानेवाडीला तेच पेट्रोल टँकरमध्ये भरले की टाकीचा परवाना पाहणारी संघटना नागपूरची, वाणिज्य मंत्रालयाखालची. टाकीखालची चाके आरटीओची. ओढ्यात गेले तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, पेटले तर बंब. आणि टँकर उलटला, की ही सगळी खाती मिळून एकच काम करतात : भरधाव आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा चालकावर नोंदवला जाण्याची वाट पाहतात. चालक दगावला असेल तरी गुन्हा त्याच्याच नावावर लागतो. सोयीचे पडते, जबाब घ्यायचा राहत नाही.