सांगू नकोस!

हात वर, पंजा ताठ, पोवई नाक्यावरच्या ट्रॅफिक पोलिसासारखा. "सांगू नकोस!" आमच्या भाऊमामांशी कुठलंही बोलणं इथूनच सुरू होतं. आपण बिचारे एवढंच सांगायला तोंड उघडलेलं असतं, की मामा, चष्मा कपाळावर आहे.

पेपरातलं शब्दकोडं ते पेनानं सोडवतात. कालचं अजून अर्धं असतं आणि आजच्या पेपरात त्याचं उत्तर आलेलं असतं. म्हणून मामी सकाळी दूध तापवायच्या आधी कात्री घेऊन तेवढा चौकोन कापून ठेवतात. एकदा त्या चौकोनाच्या पाठीमागे निधनवार्ता होती, आणि मामा जुन्या मित्राच्या दहाव्याला मुकले. तरी कात्री बंद झाली नाही. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीकडे ते वळूनही बघत नाहीत. "पाटीवरून कळतं." पाटीवरून कळून वाईला निघालेले मामा एकदा कोरेगावला उतरले, आणि तिथून फोन करून म्हणाले, इकडचा रस्ता चांगला झालाय.

अशा माणसाच्या लॅपटॉपवर दोन दिवाळ्यांपूर्वी आमच्या चिरंजिवांनी 'ब्रेड' नावाचा गेम टाकून दिला. खायचा ब्रेड नव्हे. हा ब्रेड म्हणजे वेणी. पण मामींना पहिले आठ दिवस काही उलगडा होईना, कारण मामा रोज चहा झाला की म्हणायचे, "मी जरा ब्रेड घेऊन बसतो." अर्थ कळल्यापासून मामी आतून विचारतात, "झाली का वेणी घालून?"

गेम जुना आहे, २००८ सालचा. जोनाथन ब्लो नावाच्या अमेरिकन माणसानं पदरचे पैसे घालून तो केला. चित्रं डेव्हिड हेलमनची, एखाद्या जलरंगाच्या वहीत शिरल्यासारखी. टिम नावाचा कोट-टायवाला गडी राजकन्येला शोधत फिरतो, उड्या मारतो, शिड्या चढतो. बंदूक नाही की मोटार नाही. चुकलं, खड्ड्यात पडला, मेला, तरी शिफ्टचं बटण दाबून धरायचं. वेळ मागे जाते, टिम उलटा उडत पुन्हा काठावर. कितीही वेळा. ३३ वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या मामांना हे प्रथम पटेचना. "खाडाखोड केली तर बाजूला सही नको?"

प्रत्येक दुनियेच्या शेवटी किल्ला लागतो. तिथलं एक बुटकं ध्यान टिमला सांगतं की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात असेल. मारिओच्या जुन्या गेमची ही थट्टा आहे, असं चिरंजीव समजावायला गेले. मामांनी हात वर केला. "कळलं. टेबल नंबर चार." आयुष्यभर लोकांना शेजारच्या टेबलावर पाठवलेला माणूस, त्याला आता स्वतःला हेलपाटे घालताना मी पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं.

खेळात जागोजागी चित्राचे तुकडे लपवलेले आहेत. एका दुनियेत बारा, अशा पाच दुनिया. तुकडा जमला नाही तर तो सोडून पुढे जायला पूर्ण मुभा आहे, मागाहून परत यावं. मामांना ही मुभा मान्य नाही. "बाकी ठेवून पुढे? उद्या ऑडिट आलं तर?" त्यामुळे पहिल्याच दुनियेत अकरा तुकडे हातात आणि बारावा डोक्यावर लोंबकळत, अशा अवस्थेत ते एकोणीस दिवस बसले. (ज्यांना हा गेम खेळायचा असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. नाहीतर मामा मला घरात घेणार नाहीत.)

त्या ठिकाणी एक रिकामी चौकट आहे. जमवलेले तुकडे तिच्यात लावता येतात, आणि एका तुकड्यावर जी फळी रंगवलेली आहे तिच्यावर टिमला चक्क उभं राहता येतं! चित्रातली फळी, पण पाय टेकतो. पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. या वयाच्या नातेवाइकाचा पहाटे फोन म्हणजे मी अंथरुणातच उभा. पलीकडून आवाज आला, "अरे, ते चित्र नाहीच. तो जिना आहे!" नंतर मामींना म्हटलं, फार त्रास दिला हो त्या चौकटीनं मामांना. लसूण सोलता सोलता त्या हळूच म्हणाल्या, "मला चौथ्या दिवशीच वाटलं होतं, फळीवर चढत का नाही हा मेला. पण बोलायची सोय आहे का?"

ब्लोसाहेबांबद्दल मामांना आदर आहे तो एका गोष्टीमुळे. त्यांनी या गेमचं अधिकृत मार्गदर्शक म्हणून एक टिपण काढलं होतं, आणि त्यात सांगितलं काय, तर मार्गदर्शक वापरू नका, स्वतः सोडवा. हे मी मामांना सांगितलं (मार्गदर्शकात काहीच नाही एवढंच असल्यामुळे सांगू दिलं), तेव्हा ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, "हा माणूस आपल्या कचेरीत हवा होता. परिपत्रक असं पाहिजे."

आता साठही तुकडे झालेत, शेवटही झाला. शेवट पाहून मामा दोन दिवस गप्प होते. राजकन्येविषयी विचारलं की विषय सांडग्यांवर नेत. मला मात्र एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती पोटात ठेवणं जड जातंय. या गेममध्ये आठ तारे दडवलेले आहेत. त्यातल्या एकासाठी ढगावर उभं राहून पलीकडे जावं लागतं, आणि तो ढग इतका सावकाश सरकतो की जवळजवळ दोन तास लागतात. दोन तास काहीही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. चिरंजिवांनी तेवढ्यात क्लासला जाऊन यायचा बेत केला होता.

गेल्या रविवारी गेलो तर मामा पुन्हा त्या पहिल्या दुनियेत. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागलेलं.

"मामा, एक सांगू का?"

हात वर.

"हा ढग मघाशी इथे नव्हता."

मी गप्प. मामी दारात, त्याही गप्प.

"हलतोय," मामा म्हणाले. "अरे, टेबलावरची फाइल हलतेय की नाही हे मी तीन खुर्च्यांवरून ओळखायचो. हा हलतोय."

त्यांनी पाठीला उशी लावली, चष्मा नाकावर घेतला आणि मामींना सांगितलं की चहा आत्ता नको, चारच्या सुमाराला टाक.