वय झालं, दुसरं काय!

नागपूरजवळच्या कळमेश्वरात सर्वांत स्वस्त निदान पारावर मिळतं. सत्तरीतला माणूस खाटेवरून उठताना पुन्हा खाली बसला, पाण्याची बादली अर्ध्या वाटेत टेकवली, की आजूबाजूचे चौघं एका सुरात सांगतात, "आता वय झालं ना जी!" फी नाही, तपासणी नाही. दवाखान्यात गेला तरी निदान तेच, फक्त केसपेपरवर.

वय होतं, हे खरंच. पण त्या वयात शरीरात काय काय साठलं, हे कोणी विचारत नाही. आज सत्तरीत असलेल्या माणसाने पंचेचाळिशीपर्यंत शिसंमिश्रित पेट्रोलचा धूर घेतला. देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. तोवर लूना चालवणारा आणि लूनाच्या मागे धावणारा, दोघांनाही समान वाटा. घरातल्या रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम लागू व्हायला २०१७ उजाडलं. त्याआधी दर दिवाळीला दारं-खिडक्या खरवडून, धूळ खाऊन, नवा ऑइलपेंट मारणारी पिढीही हीच.

पुढे भारनियमनाचा काळ आला. कोराडीच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते त्या टापूतच वीज नाही, म्हणून घरोघरी इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरच्या पोटात शिशाची बॅटरी. ती मेली की भंगारात. भंगारातून ती रीतसर कारखान्यात गेली की कोणाच्या मागच्या शेडमध्ये वितळली, याची चौकशी करायला २००१चे नियम होते आणि आता २०२२चेही आहेत. नियमांची कमतरता आपल्याकडे कधीच पडत नाही.

धापेवाड्याजवळच्या आदाशाच्या गणपतीला जाऊन आलेल्यांना शेंदूर काय ते सांगायला नको. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. औषध कायद्याखालच्या नियमांत विषारी घटकांची यादी आहे, तीत तो आहे. शेंदूर शतकानुशतकं अंगावर घेऊनही देवांना काही झालं नाही, कारण देव दगडाचे. भक्त मात्र ज्या बोटाने कपाळाला लावतो त्याच बोटाने प्रसाद खातो. बिनशिशाचा शेंदूर मिळतो, पण पुडी उलटून वाचणारा भक्त अजून जन्मायचा आहे.

आता हे सगळं जातं कुठे? रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं. लघवीवाटे थोडं बाहेर पडतं, उरलेलं हाडांत जाऊन बसतं, कारण शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथून ते हलायला दशकं लागतात. ही मुदतठेवच म्हणा. म्हातारपणी हाडं झिजू लागली, बाईची पाळी गेली, की ठेव मोडते आणि व्याजासकट रक्तात जमा होते. धूर तीस वर्षांपूर्वी घेतला, वसुली आत्ता.

शिसं रक्तातलं हिमोग्लोबिन बनण्यात खोडा घालतं, माणूस थकतो. नसांना इजा करतं. जुन्या काळी रंगाऱ्यांचं मनगट लुळं पडून लोंबायचं, ते याच धातूमुळे. नसेकडून स्नायूला निरोप पोहोचवायला कॅल्शियम लागतं, तिथेही हे मध्ये तोंड घालतं. रोजच्या थोड्याथोड्या शिशाने म्हातारपणी मुठीचा जोर किती कमी होतो, हे संशोधक आता मोजत आहेत. सगळे निष्कर्ष एका सुरात नाहीत, आणि कळमेश्वरातला प्रत्येक थकलेला माणूस शिशाचाच बळी, असं तर मुळीच नाही. दिवसभर बसून राहणं, ताटात वरण पातळ आणि मधुमेह घट्ट, हे मोठे वाटेकरी आहेतच. पण वाटेकऱ्यांची यादी करताना एकाचं नाव मुद्दाम गाळायचं, याला निदान म्हणत नाहीत.

थकवा आला की घरातलेच कोणी ताकदीची पुडी आणून देतात. २००८ साली अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली. जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. नागभस्म हे तर उघड उघड शिशाचंच भस्म. ते वैद्याने जोखून देणं वेगळं आणि बसस्टँडवरच्या तंबूतून बिनलेबलाची पुडी घेणं वेगळं. अशक्तपणावर उतारा म्हणून अशक्तपणाच विकत घ्यायचा, तोही रोख पैसे मोजून.

कायदा म्हणाल तर १९४८च्या कारखाना कायद्यातच कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती. पहिल्याच क्रमांकावर शिसंबाधा. म्हणजे सरकारला हे पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. पण ती यादी कारखान्यातल्या कामगारासाठी. एमआयडीसीतून निवृत्त होऊन घरी बसलेला माणूस तिच्या बाहेर. अमुक कारखाना दोषी किंवा निर्दोष म्हणायलाही आधी रक्ताचा अहवाल हातात हवा. तो काढायचाच नाही, म्हणजे बोट कोणाकडे दाखवायचं हा प्रश्न मिटला. वीसेक किलोमीटरवर नागपुरात १९५८पासून 'नीरी' आहे. पर्यावरण तपासणारी देशाची मोठी संस्था हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची कोणी?

युनिसेफने २०२० साली सांगितलं, भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे. मुलं आधी मोजली, योग्यच केलं. पण आजोबांचं काय? दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते रांगेत असतातच. यंत्रावर अंगठा ठेवतात, यंत्र ओळखत नाही, धोतराला पुसून पुन्हा ठेवतात. त्याच टेबलावर मूठ दाबून जोर मोजायचं साधं यंत्र ठेवता येईल. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली हिशेब देऊन ठेवला आहे: पुरुषाचा जोर २८ किलोच्या खाली, बाईचा १८च्या खाली, तर स्नायू दुबळे झाल्याचा संशय घ्या. अशांपैकी ज्यांनी आयुष्य रंग, बॅटरी, वेल्डिंगमध्ये काढलं त्यांचं रक्त शिशासाठी तपासा. पण सरकारला अंगठा हवा, मूठ नको.

सरकार काहीच करत नाही असं मात्र म्हणू नका. २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. पासष्टी ओलांडलेल्या गरजूच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये. काठी घ्या, गुडघ्याचा पट्टा घ्या, कमरेचा घ्या. हिशेब अगदी पक्का आहे. मूठ मोजली की आकडा येतो, आकडा आला की कारण शोधावं लागतं, कारण सापडलं की कोणीतरी जबाबदार ठरतो. त्यापेक्षा काठी स्वस्त पडते.