आधी क्रॅश, मग ड्रम

पोराला ड्रम्स शिकायचेत असं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती रंगाची. लाल घ्यायचा की काळा? मग टॉम किती, बास ड्रम केवढा, बसायचं स्टूल सोबत मिळणार की वेगळं घ्यावं लागणार. सौदा अडला की दुकानदार म्हणतो, "सिंबल यावर फ्री देतो साहेब." सगळे खूश होऊन घरी येतात. त्या अख्ख्या खरेदीतला सर्वांत मोठा तोटा म्हणजे ती फुकट मिळालेली पितळेची चकती. पोरगं वर्षभर तिच्यावर काठी मारतं, आवाज काही मनासारखा येत नाही, आणि आपल्याला जमतच नाही असं समजून ते हळूहळू ड्रम्सपासून लांब जातं. दोष धातूचा आणि खापर हातावर.

म्हणून पैसे मोजके असतील तर आधी क्रॅश, म्हणजे ठोका ठासून सांगणारा सिंबल, घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ड्रम बघावेत. हलक्या लाकडाचा ड्रम सुधारता येतो. नवं हेड, म्हणजे वरचा पडदा, चढवा, सगळीकडून सारखं ताणा, फारच घुमत असेल तर कडेला टेपचा तुकडा चिकटवा. जुना, साधा स्नेअर ड्रमसुद्धा कार्यक्रमात बिनबोभाट चालून जातो. सिंबलला ताणायला, पिळायला किंवा बदलायला काहीच नसतं. कारखान्यातून निघताना जो आवाज होता, जन्मभर त्याच्याशीच संसार करायचा. त्यात क्रॅश वाजतो तो गाण्याच्या मोक्याच्या जागी. मुखडा उघडताना, अंतऱ्यावरून परत येताना, शेवटच्या ठोक्याला. नेमका तिथेच खडखडाट झाला तर बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

किमतीचा सगळा खेळ धातूत आहे. सर्वांत स्वस्त ते पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. माइनल कंपनीची एचसीएस किंवा पायस्टी कंपनीची पीएसटी 3 ही मालिका या गटातली. त्याच्या वर येतं बी8, म्हणजे 92 टक्के तांबं आणि 8 टक्के कथील. आणि त्याच्याही वर बी20, 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील. कथील वाढलं की आवाजात पदर येतात, पण धातू ठिसूळ होतो, आणि मजुरी तिथेच वाढते. बी8 चा पत्रा सहज लाटता येतो. त्यातून गोल चकत्या कापायच्या, मधला उंचवटा दाबून काढायचा आणि यंत्राच्या हातोड्याखाली घालायच्या. बी20 ची लादी ओतावी लागते, भट्टीत तापवून लाटावी लागते, परत तापवून परत लाटावी लागते. थंड असताना लाटायला गेलात तर तडकते. शेवटी तापलेली असतानाच ती पाण्यात बुडवतात. पोलादाला असं पाणी दिलं की ते कडक होतं. या धातूचं उलट आहे, पाण्यात विझला की तो हातोडा सोसण्याइतका नरम पडतो. मग ठोकणं, मग लेथवर तासणं. महाग क्रॅशची किंमत या कामाची असते, त्यावर छापलेल्या नावाची फार थोडी.

झिल्जियन या सिंबल बनवणाऱ्या घराण्याची सुरुवात 1623 ची मानतात. तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये अवेदिस नावाचा आर्मेनियन कारागीर होता आणि त्याच्या झांजा सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदात वाजत होत्या. 1929 पासून कंपनीचं बस्तान अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. पण तांब्यात कथील घालून नाद काढणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. आपल्याकडच्या काशात साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील असतं. म्हणजे तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी आणि जगातला भारीतला क्रॅश जवळजवळ एकाच धातूचे. आपल्या आज्या कासाराकडून वाटी घेताना टिचकी मारून, कानाजवळ धरून, नाद पुरता विरेपर्यंत ऐकायच्या. त्यांचेच नातू आज क्रॅश घेताना न वाजवता खोकं उचलून आणतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही पारख आपल्या घरातली आहे आणि ती वापरायला एक पैसा लागत नाही.

टक्केवारी पाठ करून शहाणं होणाऱ्यांना एक सांगायला हवं. बी8 म्हणजे कमअस्सल असं मुळीच समजू नये. पायस्टीने 1971 मध्ये काढलेली 2002 ही मालिका बी8 चीच आहे, आणि लेड झेपेलिनचा जॉन बोनम तीच वाजवायचा. धातू चांगला असला आणि घडवणाऱ्याने घाई केली तर बी20 सुद्धा कर्कश निघतो. टक्के बघून दुकानात शिरावं, पण निवड कानाने करावी.

आता माप. पहिला आणि काही काळ एकुलता एक क्रॅश घ्यायचा असेल तर 18 इंची घ्या, आणि पातळ किंवा मध्यम-पातळ घ्या. 16 इंची स्वस्त पडतो म्हणून बहुतेक जण तिकडे वळतात, पण एकट्याने किट सांभाळायचं तर तो अपुरा पडतो. झटकन बोलतो आणि झटकन संपतो. 18 इंचीवर क्रॅश होतो आणि गरज पडली तर काठीच्या टोकाने राइड सिंबलसारखा ठेकाही धरता येतो. पातळ कशासाठी? पातळ पत्रा हलक्या हातानेही खुलतो, त्याचा स्वर खाली असतो, कानाला टोचत नाही. जाड पत्रा जोरात मारल्याशिवाय उघडतच नाही, आणि उघडला की वर, तीक्ष्ण, लांबच लांब वाजत राहतो. फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्या नवशिक्याला जाड क्रॅश देणं म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून धोपटायला शिकवणं. "जाड आहे, टिकेल," हा दुकानातला ठरलेला युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. क्रॅश फुटतो तो बहुतेक वेळा चुकीच्या फटक्याने आणि चुकीच्या बसवण्याने. आणि "रॉक" असं छापलेला क्रॅश रॉक वाजवायचाय म्हणून पोरं हौसेने उचलतात. तो शब्द तिथे फक्त भारी वजन सांगतो.

वजनाचा अंदाज हवा असेल तर दुकानात काटा मागा. 18 इंची क्रॅश साधारण 1300 ते 1500 ग्रॅममध्ये असेल तर तो पातळ ते मध्यम-पातळ. 1700 च्या वर गेला की भारी. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, काटा खोटं बोलत नाही.

दुकानात जाताना आपली काठी घेऊन जा, रोजच्या सरावाची. आधी अगदी हळू मारा. चांगला क्रॅश हळू मारला तरी फुलतो, वाईट नुसता टण्ण करतो. मग मध्यम, मग जोरात. आणि हे एवढं झालं की काठी सोबत आलेल्याच्या हातात द्या आणि स्वतः दहा-बारा फूट लांब जाऊन उभे राहा. ही गोष्ट करणारे गिऱ्हाईक फार कमी, आणि सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. जवळून ऐकलं की सिंबलच्या पोटातला घूं-घूं असा घणघणाट कानात भरतो, नको ते सूर मोठे वाटतात. लांबून तो घणघणाट गळून जातो आणि श्रोत्याला जे ऐकू येणार तेवढंच उरतं. जवळून विचित्र वाटलेला क्रॅश लांबून सुंदर लागतो, आणि जवळून चकचकीत वाटलेला लांबून पत्र्यासारखा वाजतो. तीन गोष्टी ऐका. किती पटकन खुलतो, खुलल्यावर कोणता स्वर मागे राहतो, आणि विरायला किती वेळ घेतो. मागे राहणारा स्वर एखाद्या ठळक सुरासारखा ऐकू आला तर सोडून द्या, तो प्रत्येक गाण्याच्या पट्टीशी भांडणार. मोबाइलवरच्या व्हिडिओवरून क्रॅश ठरवू नका. माइक आणि एडिटिंग मिळून कुठल्याही सिंबलला गोड करतात. वाजवून बघू न देणाऱ्या दुकानातून उठून या. मोठ्या दुकानांची काचेची कपाटं बघून बिचकायचं काही कारण नाही, पैसे आपले आहेत.

मग घ्यावं कोणतं? पितळेचे तीन-चार सिंबलचे पॅक मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. त्या पैशात थोडी भर घालून एकच बरा क्रॅश येतो, आणि पॅक पुढे विकायला गेलात तर कुणी विचारत नाही. बी8 मध्ये पायस्टीची पीएसटी 7 बघा, त्यातला पातळ क्रॅश किमतीच्या मानाने खरोखर संगीत देतो. झिल्जियनची एस मालिका 12 टक्के कथलाची, माइनलची क्लासिक्स कस्टम 10 टक्के कथलाची, या दोन्ही चकचकीत, थेट आवाजाच्या. सेबियनची एक्सएसआर बी20 ची. आणि सगळ्यात कमी पैशांत बी20 हवा असेल तर चीनमधल्या वुहानचे सिंबल. त्या शहराला झांजा आणि घंटा घडवण्याची जुनी परंपरा आहे, आणि ड्रीम ही कॅनडाची कंपनीही तिथूनच सिंबल घडवून घेते. वुहानच्या मालात मात्र एक नग दुसऱ्यासारखा नसतो. शेजारी ठेवलेले दोन क्रॅश वेगळे बोलतात. त्यामुळे जो वाजवून आवडला तोच नग बांधून घ्या, गोदामातून "सेम पीस" मागवू देऊ नका.

बँजो पार्टीवाल्यांसाठी माझा सल्ला वेगळा आहे. विसर्जनाला तासन्‌तास उघड्यावर, अँप्लिफायरच्या भिंतीशेजारी, घाम आणि गुलाल अंगावर घेऊन वाजवायचं असतं. तिथे पातळ बी20 चे हाल होतात आणि त्याचे बारीक पदर कुणाला ऐकूही जात नाहीत. मध्यम जाडीचा 18 इंची बी8 तिथे योग्य. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, गुलाल आणि घाम रात्रभर तसाच ठेवू नका.

वापरलेला क्रॅश हा खरा स्वस्ताईचा रस्ता. बँड फुटतात, कुणी परदेशी जातं, कुणाचं लग्न होतं आणि किट माळ्यावर जातं. चांगला बी20 क्रॅश कधी कधी नव्या बी8 च्या भावात मिळून जातो. पण तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. अंगठ्याचं नख क्रॅशच्या कडेवरून सावकाश, पूर्ण फेरी होईपर्यंत फिरवा. केसाएवढा तडाही नखाला अडतो, डोळ्यांना दिसण्याआधी. मग कड उजेडासमोर धरा. लेथच्या गोल रेषांमधली एखादी रेष बाकीच्यांपेक्षा काळी आणि खोल दिसली तर तीही चीर असू शकते, आणि अशी चीर गोलाकार पसरत जाते. मधल्या भोकाकडे बघा. ते गोल हवं. एका बाजूला खाचेसारखं ओढलं गेलं असेल तर तो क्रॅश कित्येक दिवस उघड्या लोखंडी दांड्यावर घासला गेलाय. उंचवट्याच्या मुळाशी चीर असेल तर फुकटही नको. कडेला चीर आणि तिच्या टोकाला बारीक भोक पाडलेलं दिसलं, तर मालकाने ती थांबवायचा प्रयत्न केलाय. सरावाला चालेल, भाव निम्म्याच्या खाली पाडा. काळपट पडलेला क्रॅश बघून नाक मुरडू नका. तो काळपटपणा आवाज थोडा मऊ करतो आणि अनेक वादकांना तो हवाच असतो. घरी आणल्यावर पितांबरी किंवा चिंच घेऊन घासायला बसू नका. कंपनीचं नाव आणि वरचा लेप दोन्ही निघून जातात.

दुसरा क्रॅश घ्यायची वेळ आली की 16 इंची घ्या, आणि पहिला सोबत घेऊन दुकानात जा. दोन्ही एकामागोमाग वाजवा. स्वरांत फरक स्पष्ट कळायला हवा, पण दोघे एकाच घरातले वाटले पाहिजेत.

आणि बसवणं. आपल्याकडच्या कितीतरी जॅम रूममध्ये जाऊन बघा, सिंबल स्टँडवर नट करकचून पिळलेला, खाली फेल्टची चकती नाही, दांड्यावर प्लॅस्टिकची नळी नाही. तासाचे पैसे चोख घेतात आणि फुटलेला क्रॅश वर्षभर तसाच टांगलेला ठेवतात. याची मालकांनी लाज बाळगायला हवी, कारण त्याच आवाजावर नवी पोरं शिकतात. नट इतकाच फिरवा की क्रॅशला डोलायला जागा राहील. क्रॅश थोडा आपल्याकडे कलता ठेवा आणि फटका कडेवर सरळ न मारता तिरका, निसटता मारा. नळी हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिक पाइपचा वीतभर तुकडा आणा. दांड्यावर चढेल आणि भोकातून सहज जाईल इतक्या जाडीचा बघा, आणि कात्रीने बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. वीतभरात घरातल्या सगळ्या स्टँडचं काम होतं.