खाली न लागता मुंबई

स्पोर्ट्‌स कार घेऊन मुंबईला जायचं ठरवलं असेल, तर आधी त्या स्पीडोमीटरकडे बघायचं सोडा. त्यावर 330 पर्यंत आकडे असतात. लग्नपत्रिकेवर 'ठीक 12 वाजून 24 मिनिटांनी' छापतात, तसेच ते छापलेले असतात. तुमच्या कामाचा आकडा वेगळा आहे, आणि तो गाडीच्या पुस्तकात मागच्या पानावर बारीक अक्षरांत सापडतो : जमिनीपासूनची उंची. आमच्या दाजींच्या गाडीची ती साडेचार इंच आहे. कोल्हापूर ते मुंबई हे जवळपास पावणेचारशे किलोमीटर आम्ही त्या साडेचार इंचांच्या हिशेबाने कापले. तेव्हा पुढे जे सांगतोय ते अनुभवाचे बोल आहेत, आणि शेजारच्या सीटवरून बोललेले आहेत.

शेजारच्या सीटवर खरं तर आमच्या ताईचा मान होता. गाडी दोन माणसांची, लाल, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. ताईनं एकदा आत बसून बघितलं आणि ती उतरली. "रस्त्यावर बसूनच मुंबईला जायचं असेल तर मी चटई घेऊन जाते," म्हणाली. मग दाजींनी मला फोन केला. "पाव्हणं, चला, आत्याकडं लालबागला जाऊन येऊ."

इथे नवशिक्यांसाठी पहिली सूचना येते. सोबतचा माणूस निवडताना त्याचं बोलणं-चालणं बघू नका, गुडघे बघा. कारण या प्रवासात सोबत्याचं मुख्य काम गप्पा मारणं किंवा नकाशा बघणं नसून उतरणं हे आहे. गतिरोधक दिसला की त्यानं उतरायचं, रस्त्यावर उकिडवं बसायचं, गाडीच्या पोटाखाली बघायचं आणि बोटांनी माप सांगायचं. "अजून दोन बोटं हाईत." "एक बोट." "थांबा, थांबा, थांबा." हे काम मी किणी टोलनाका यायच्या आतच चारदा केलं होतं.

आता उतरणं. साध्या गाडीतून आपण पाय बाहेर टाकतो आणि उभे राहतो. इथे तसं करायला गेलात तर डोकं छताला आपटेल आणि पाय बाहेर, बूड आत अशा अवस्थेत दार बंद होईल. योग्य पद्धत अशी : दार पूर्ण उघडा. दोन्ही पाय एकदम बाहेर फिरवा. डावा हात सीटवर, उजवा दाराच्या चौकटीवर. मग विहिरीतून वर येताना जसा काठावर जोर देतो तसा जोर देऊन उठा. तोंडातून 'आई गं' निघेल ते निघू द्या, अडवू नका, त्यानं पाठीत उसण भरते. बसताना आधी बूड ठेवायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. हे घरी पंचवीसदा करून बघा. आम्ही केलं नव्हतं. एका हॉटेलासमोर दाजी उतरत असताना तिथल्या पोऱ्यानं आत जाऊन मालकाला सांगितलं, "शेठ, भाईर कुणाला तरी चक्कर आलीया."

सामानाचा विचार लगेच उरकू. इंजिन मागे, डिकी पुढे आणि डिकीत जागा एका बॅगेची. आत्यासाठी घेतलेली कांदा-लसूण चटणीची बरणी आणि गुळाचा रवा माझ्या मांडीवर आले. स्टेपनी नसते. तिच्या जागी फेसाची एक बाटली आणि हवा भरायचा इवलासा पंप देतात. त्या बाटलीवर श्रद्धा ठेवा आणि सपाट पाठीचा उचलणारा ट्रक कुठे मिळतो त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. गाडी बंद पडली तर गावकरी प्रेमानं हायड्रा क्रेन आणि साखळदंड घेऊन येतील. हात जोडून नको म्हणा.

गतिरोधकांबद्दल मात्र सावकाश बोललं पाहिजे. सर्वसाधारण समज असा की उंच गतिरोधकाला गाडी लागते. तसं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. म्हणजे पसरलेल्या म्हशीची पाठ. त्यावरून दाजींची गाडीसुद्धा डुलत जाते. भानगड अशी की 3.7 मीटर डांबर घालायचं कुणाच्या जिवावर येतं. मग उंची सरकारी आणि रुंदी घरगुती, पाटाएवढी, असा एक प्रकार तयार होतो. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढलेली नसतात आणि मधलं पोट त्या पाटावर जेवायला बसतं.

यावर उपाय दोन. पहिला, गाडी तिरकी घालायची. बैलगाडी ओढ्यात घालतात तशी, एकेक चाक मोजून. पुढचं डावं, पुढचं उजवं, मग मागची. यात गाडी पूर्ण रस्ता अडवते आणि मागून येणारी एसटी हॉर्न वाजवते, पण ते चालायचंच. दुसरा उपाय म्हणजे डॅशबोर्डवरचं एक बटण. ते दाबलं की गाडीचं नाक साधारण चार सेंटिमीटर वर उचललं जातं. या सोयीसाठी आधीच्या मालकानं वेगळे पैसे मोजले होते, असं दाजी अभिमानानं सांगतात. बटण दाबल्यावर 'घुंऽऽ' असा आवाज होतो आणि गाडी हळूहळू मान वर करते, घरात पाहुणे आले की आजोबा बघतात तशी. वेग वाढला की मान परत खाली. नाक उचललं तरी पोट तेवढंच राहतं, हे पुस्तकात कुठे ठळक लिहिलेलं नाही. आम्हाला ते एका गावाच्या हद्दीत कळलं. आवाज असा आला, की मांडीवरची चटणीची बरणी मी पोटाशी धरली. दाजींनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, जरा बघा की."

मी उतरलो. आई गं. खाली प्लास्टिकचा पत्रा फक्त खरचटला होता.

निघायची वेळ. सगळे सांगतात पहाटे तीनला निघा, रस्ता मोकळा असतो. सांगणारे उसाच्या पट्ट्यातले नसावेत. गळीत हंगामात पहाटे तीनला हमरस्त्यावर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग असते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर ऊस, मागे दिवा नाही आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्यानं की तुमचा हॉर्न हे त्यातलंच एखादं वाद्य वाटावं. अशा एका ट्रॅक्टरमागे आम्ही बराच वेळ होतो. उजवीकडे ट्रक, डावीकडे दुसरा ट्रॅक्टर. माझ्या डोळ्यांच्या रेषेत ट्रॉलीचा आख. दाजींचा चेहरा पडला, म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली : जगातल्या सगळ्यात मिरवणाऱ्या स्पोर्ट्‌स कारपैकी एक बनवणारे फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हे मुळात ट्रॅक्टर बनवणारे. मोटारीचा कारखाना त्यांनी 1963 साली काढला, ट्रॅक्टरच्या धंद्यातल्या पैशावर. पोर्शच्या नावानंही एके काळी ट्रॅक्टर निघत. दाजींनी पुढच्या ट्रॉलीकडे जरा वेळ बघितलं. "म्हंजे थोरला भाऊ पुढं चाललाय म्हणा की," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी हॉर्न वाजवला नाही.

पुढे खंबाटकी, कात्रजचा बोगदा, पुणे. पुण्याबद्दल मी काही लिहीत नाही. वळसा घालून द्रुतगती मार्गाला लागा.

या मार्गाची नवशिके फार स्वप्नं बघतात. 2002 साली पूर्ण झालेला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सहा पदरी, दुचाकींना बंदी, गतिरोधक नाही. खरंच सुंदर रस्ता आहे. फक्त एक बारीक हिशेब करून ठेवा. तिथे सपाटीवर मोटारीला ताशी 100 ची मर्यादा आहे, घाटात तर त्याहूनही कमी, आणि वर कॅमेरे बसलेले. दाजींची गाडी शून्यावरून 100 वर चार सेकंदांत जाते. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे घातले ती मजा पहिल्या पन्नास-साठ मीटरांत संपते. उरलेले चौऱ्याण्णव किलोमीटर तुम्ही आणि शेजारची जुनी मोटार बरोबरीनं चालता. तिच्यातले आजोबा तुमच्याकडे वरून बघतात.

आणि व्हिडिओवाले. एक पांढरी गाडी शेजारी येते, तिच्या मागच्या काचेतून अर्धा मुलगा बाहेर, हातात मोबाइल. ती पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. चालवणाराही बघत असतो तुमच्याकडेच. इथे चेष्टा बाजूला : अशा वेळी वेग कमी करा आणि त्यांना जाऊ द्या. तुम्ही वेग वाढवलात की तोही वाढवतो, आणि त्याच्या गाडीत माणसं जास्त असतात.

खालापूरच्या फूड मॉलवर थांबायचं असेल तर वडापावाला दहा मिनिटं आणि प्रश्नांना अर्धा तास धरा. तिथे गाडीभोवती जमलेल्या माणसांना इंजिन किती हॉर्सपॉवरचं, कुठल्या सालचं, यात काडीचा रस नसतो. एकच प्रश्न. "ॲव्हरेज किती देते?" खरं उत्तर, गावात पाच-सहा. ते सांगू नका. दाजींनी सांगितलं, तर एक गृहस्थ त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होईल सगळं ठीक."

मुंबईत शिरायला वाशीचा खाडीपूल आहेच. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, आणि कायद्याच्या नजरेत दाजींची गाडी हे हलकं वाहनच आहे. घराच्या किमतीची गाडी आणि हलकी, यावर ते जरा नाराज झाले. म्हणून असेल किंवा हौस म्हणून असेल, पण त्यांनी 250 रुपये भरून अटल सेतू धरला. तो धराच. 2024 च्या जानेवारीत खुला झालेला, जवळजवळ 22 किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. सबंध प्रवासात मी सलग इतका वेळ बसून राहिलो तो इथेच. गाडी पाण्यावरून सरळ चाललेली, दूर धुक्यात शहर, दाजी शिट्टी वाजवतायत. थांबून फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे.

शिवडीला उतरलो. शिवडी ते लालबाग म्हणजे हाकेचं अंतर. समुद्र ओलांडायला लागला त्याहून जास्त वेळ आम्हाला या हाकेला लागला. रस्ता खोदलेला, खोदलेल्यावर लोखंडी पत्रा, पत्र्याची कड दोन इंच वर. शेजारी हातगाडी, मागे बेस्टची बस. बसच्या पुढच्या काचेतून ड्रायव्हरला आमचं फक्त छप्पर दिसत असणार. सिग्नलला एका टॅक्सीवाल्यानं खाली वाकून विचारलं, "सचिनची होती तीच का ही?" सचिनची फेरारी 2011 साली सुरतेच्या एका व्यावसायिकानं घेतली, पण मुंबईत लाल आणि बुटकी गाडी ही कायमची सचिनचीच. दाजींनी मान डोलावली. हो म्हणाले की नाही, ते मला कळलं नाही.

राहिलं पार्किंग, ज्याची चौकशी खरं तर कोल्हापुरातच करायला हवी होती. आत्याची चाळ पाडून टॉवर झालाय. पार्किंग यांत्रिक, लोखंडी पाळण्याचं, एकावर एक गाड्या. वॉचमननं आमची गाडी बघितली, पाळण्याचा लोखंडी उंबरा बघितला, चप्पल काढून उंबऱ्याशेजारी उभी धरली, मग गाडीच्या नाकाखाली धरली. माप घ्यायची माझ्या बोटांपेक्षा ही फार चांगली पद्धत, लिहून ठेवा. "नाय जाणार," तो म्हणाला. शेवटी गाडी टॉवरच्या मागच्या मोकळ्या जागेत, मंडपाच्या बांबूंशेजारी लागली. आत्यानं वरून जुनी चादर दिली. चादर सबंध गाडीला पुरली.

जेवून आडवे झालो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तीन पोरं, मोठ्याच्या हातात बॅट. बॉल गाडीखाली गेला होता. इतर गाड्यांखालून तो हात घालून काढता येतो. इथे हात जात नव्हता, बॅट आडवी घातली तर ओरखडा उठेल म्हणून त्यांनी घातली नव्हती. शहाणी पोरं. दाजी खाली गेले, मीही गेलो. चादर काढली, दाजी पद्धतशीर बूड आधी ठेवून आत बसले, इंजिन सुरू केलं. बंदिस्त जागेत तो आवाज असा घुमला, की चौथ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. दाजींनी बटण दाबलं. घुंऽऽ. नाक चार सेंटिमीटर वर आलं. सगळ्यात धाकटा पोरगा पालथा झोपला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बॉल घेऊन बाहेर आला.

बॉल मिळाला तरी पोरं हलेनात.

"काका," धाकटा म्हणाला, "परत एकदा वर-खाली करा ना."