प्रास्ताविक

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात प्रास्ताविकाचं काम दोन वर्षं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी सतरा मिनिटं बोललो. उत्सवाचा इतिहास सांगता सांगता पेशवाईपर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात सेक्रेटरींनी शेजारी येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दुसऱ्या वर्षी तो राग मनात धरूनच उभा राहिलो, ‘सर्वांचं स्वागत’ म्हणालो आणि बसलो. त्यावरही कुरकुर झालीच : ‘अहो, पाहुण्यांचं नाव तरी घ्यायचंत!’

हेच योहान सेबास्टियन बाखलाही ऐकावं लागलं होतं हे कळलं, तेव्हा फार बरं वाटलं.

बाख १७०३ साली जर्मनीतल्या आर्नश्टाट गावी चर्चचा ऑर्गनवादक म्हणून लागला. वय १८. हा ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकातला नव्हे. तो पेटीच्या कुळातला, बसल्या जागी पायांनी हवा भरायचा. हा भिंतीएवढा, शेकडो नळ्यांचा. भाते हलवायला वेगळी माणसं लागत. प्रार्थनेला आलेल्या मंडळींनी गायला सुरुवात करण्याआधी त्यांना सूर दाखवायचा, तो प्रेल्यूडनं. म्हणजे प्रास्ताविकच. कुणी मुद्दाम ऐकायला येत नाही, पण चुकलं तर सगळ्यांना कळतं.

१७०५ मध्ये या पोरानं चार आठवड्यांची रजा घेतली आणि ल्युबेकला बुक्स्टेहूडे नावाच्या बुजुर्गाचं वादन ऐकायला गेला. चारशे किलोमीटर, तेही पायी म्हणतात. परतला जवळजवळ चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये वरिष्ठांनी जाब विचारला, तर म्हणाला, कलेतलं काही शिकायला गेलो होतो, मागे बदली माणूस ठेवला होता. मग खरी तक्रार निघाली : हा भक्तिगीतांत भलतेच सूर मिसळतो, लोक गोंधळतात. त्यात गायकवृंदाच्या विद्यार्थी-प्रमुखानं भर घातली की पूर्वी हा फार लांबण लावायचा, साहेबांनी टोकल्यावर लगेच फारच आखूड वाजवायला लागला. आमटीत मीठ जास्त झालं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी अळणी पुढ्यात यावी, तसलं हे. मला तर ही विसाव्या वर्षीची फुरंगटी त्याच्या अनेक रचनांइतकीच आवडते. गंमत म्हणजे, तो तक्रार करणारा विद्यार्थी प्रवचन चालू असताना वाइनच्या तळघरात गेला होता. त्याचीही हजेरी त्याच बैठकीत घेतली गेली.

बाखचा डी मेजरमधला एक प्रेल्यूड आहे, तरुणपणचाच. तो सुरूच होतो पायांनी. दोन्ही हात स्वस्थ, आणि खालच्या लाकडी पट्ट्यांवर पाय शुद्ध स्वरांचं अख्खं सप्तक झरझर चढून जातात, जिन्यावरून पोरगं धावावं तसे. मधला भाग खेळकर आहे. शेवटी मात्र लय एकदम मंदावते आणि असे करकरीत सूर एकावर एक चढत जातात, की आर्नश्टाटच्या साहेबांची कीव यावी. मागाहून येणारा फ्यूग म्हणजे खरा कार्यक्रम. माझं मन बहुतेक वेळा अलीकडेच रेंगाळतं.

काल सकाळी चहा पिताना तेच लावलं होतं. नकळत टेबलाखाली टाच, चवडा, टाच, चवडा असं करत मीही सप्तक चढायला लागलो. बायकोनं पोह्यांची बशी पुढे ठेवली, वाकून खाली बघितलं आणि विचारलं, ‘पायाला मुंग्या आल्यात का?’