पेल्यावरचा शिलालेख

मराठी गृहस्थाच्या घरातील भांड्यांची मांडणी ज्याने एकदा लक्षपूर्वक न्याहाळली आहे, त्यास इतिहाससंशोधनासाठी ताम्रपटांच्या मागे रानोमाळ हिंडण्याची आवश्यकता वाटू नये. कारण कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, त्या लग्नास कोणत्या गावाहून कोण उपस्थित होते, आणि त्या उपस्थिताने आपली ऐपत व आपला लोभ यांचा मेळ तांब्याने घातला की घागरीने, या सर्व बाबींचा अस्सल दस्तऐवज त्या भांड्यांच्या काठांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला असतो. पितळेच्या अमदानीत हे काम छिन्नी-हातोडीने होई. पुढे स्टेनलेस स्टीलचे राज्य आले, आणि भांड्यांच्या दुकानातील एखादा इसम घोंगावणारे विजेचे यंत्र लेखणीप्रमाणे बोटांत धरून चिठ्ठीवरचा मजकूर भांड्यावर उतरवू लागला. मोबदला अक्षरामागे द्यावयाचा असल्यामुळे चिरंजीवांनी ‘चि.’वर आणि सौभाग्यकांक्षिणीने ‘सौ. कां.’वर समाधान मानावे, अशी सर्वांची अपेक्षा असे. देणाऱ्याचे नाव मात्र, वडिलांच्या नावासह आणि गावासह, बिनतक्रार पुरतेपणी पडत असे.

या सार्वत्रिक अंमलातून काचेचा पेला तेवढा सुटला होता. काचेवर ते यंत्र चालविण्याची छाती दुकानदारास होत नसे, आणि गिऱ्हाइकासही ती होऊ द्यावीशी वाटत नसे. परिणामी सहा पेल्यांचा संच ही लग्नसमारंभातील एकमेव निनावी मालमत्ता ठरली. आणि निनावी मालमत्तेचा फेरफार किती सुलभ असतो हे महसूल खात्यास ठाऊक आहे, तसेच ते आपल्या गृहिणींसही ठाऊक आहे. असा संच मूळ खोक्यातून बाहेर न पडता एका विवाहातून मुंजीत, मुंजीतून वास्तुशांतीत आणि तेथून पुन्हा विवाहात वर्षानुवर्षे प्रवास करीत राहतो, आणि क्वचित प्रसंगी पहिल्या दात्याच्याच दारी येऊन पोहोचतो. त्या वेळी त्या दात्यास खोके ओळखूनही न ओळखल्याचा जो अभिनय करावा लागतो, तो कोणत्याही व्यावसायिक रंगभूमीला भूषणावह व्हावा.

म्हणूनच काचेवर घरच्या घरी अक्षरे उमटविण्याची विद्या आमच्या कुटुंबात अवतीर्ण झाली तेव्हा तिचे स्वागत कलेची साधना म्हणून झाले नाही, तर हक्कनोंदीचे एक नवे साधन म्हणून झाले. भाचीचे लग्न ठरले होते. पेल्यांचा संच द्यावयाचा होता. आणि माझ्या पुतण्याने त्या पेल्यांवर हवा तो मजकूर कायमचा उमटवून देण्याची जबाबदारी आपण होऊन पत्करली होती.

विद्या तशी जुनी आहे. सतराव्या शतकात ॲना रोमर्स व्हिशर नावाची डच कवयित्री हिऱ्याच्या टोकाने हिरवट काचेच्या चषकांवर वळणदार अक्षरे, फुले आणि कीटक रेखाटीत असे, आणि तिचा तसा एक चषक आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये जपून ठेवलेला आहे. त्याच शतकात, 1670 च्या सुमारास, न्यूरेंबर्गच्या हाइनरिश श्वानहार्ट याने हत्याराऐवजी आम्लाने काच कोरण्याची युक्ती काढली असे सांगतात. पुढे 1771 मध्ये शीले या स्वीडिश औषधविक्रेत्याने फ्लोरस्पार नावाच्या खनिजावर तीव्र आम्लाचा प्रयोग केला, तेव्हा त्यातून निघालेल्या द्रव्याने त्याचे काचेचे पात्रच खाण्यास आरंभ केला. सोने पचविणारे आम्लराजही ज्या काचेच्या बाटलीत निमूटपणे बसून राहते, त्या काचेतील वालुकेचे वायूत रूपांतर करून टाकणारे हे हायड्रोफ्लोरिक आम्ल होय. घरगुती उपयोगासाठी जो लेप मिळतो त्यात बहुधा याच कुळातील अमोनियम बायफ्लोराइड असते, आणि तो प्लास्टिकच्या बाटलीतून विकतात. काचेच्या बाटलीत भरल्यास तो गिऱ्हाइकाच्या आधी बाटलीवरच आपले काम उरकून घेईल.

तथापि रसायनापूर्वी मजकूर ठरला पाहिजे, आणि मजकुराच्या मसुद्यावर आमच्या घरी जी चर्चा झाली तिच्यापुढे आम्लाची दाहकता सौम्य म्हणावी लागेल. “अहो, नाव घातलं नाही तर पेले कोणी दिले हे त्यांना कळायचं कसं?” हा सौभाग्यवतींचा मुद्दा बिनतोड होता. आमच्या आत्याबाईंनी खर्चात वाटा उचलला होता. सबब आपले नाव अग्रभागी असावे, आणि ते कैलासवासी यजमानांच्या नावासह असावे, अशी त्यांची मागणी होती. थोरल्या बंधूंनी तिथी शालिवाहन शकाप्रमाणे घालावी असे सुचविले. वधूवरांची नावेही कोठेतरी असावीत, ही सूचना सर्वांत शेवटी आली आणि जागा उरल्यास तिचा विचार करावा असे ठरले.

हा मसुदा पुतण्याकडे मंजुरीसाठी गेला, तेव्हा त्याने तांत्रिक हरकती घेतल्या. चिकट कागदातून अक्षरे कापून काढावयाची, तो कागद पेल्यावर बसवावयाचा, आणि उघड्या राहिलेल्या काचेवर लेप लावावयाचा, एवढीच ही कृती आहे. परंतु अक्षराच्या पोटात जी जागा असते तेथील कागदाचा तुकडा अक्षराबरोबर निघून गेला तर ते अक्षर न राहता नुसता डाग होतो. रोमन लिपीत असे पोट काही मोजक्याच अक्षरांना आहे. आमच्या देवनागरीत ‘क’, ‘व’, ‘ब’, ‘ठ’ ही तर जन्मतः लंबोदर. शिवाय शिरोरेखा वरून झाकण घालीत असल्यामुळे ‘प’, ‘म’ आणि ‘य’ यांचीही पोटे बंद होतात. ही सारी इवलीशी बेटे चिमट्याने उचलून आपापल्या अक्षरात स्थानापन्न करावी लागतात, आणि आत्याबाईंच्या कैलासवासी यजमानांचे नाव या दृष्टीने फारच समृद्ध होते.

दुसरी हरकत पेल्याच्या आकाराची. पेला तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असतो. त्यामुळे कागदावर सरळ असलेली ओळ त्याच्या अंगाला गुंडाळली की तिची दोन्ही टोके वर चढतात, आणि शिरोरेखा हसल्यासारखी दिसते. ती सरळ दिसावयाची असेल तर मूळ ओळ इंद्रधनुष्याच्या कमानीत कापावी लागते. कैलासवासी या शब्दावरील शिरोरेखेने हसावे हे कोणासही प्रशस्त वाटले नाही. अखेरीस असा तह झाला की, पेल्यांवर केवळ वधूवरांची नावे घालावीत आणि देणाऱ्यांची समग्र यादी, तिथीसह, खोक्यावर चिकटवावी.

लेप लावण्याच्या दिवशी पुतण्याने घरात जवळजवळ जमावबंदी पुकारली. खिडक्या उघडल्या गेल्या, चष्मे चढविले गेले, रबरी हातमोजे सक्तीचे झाले. या सक्तीत अतिशयोक्ती नव्हती: या जातीचे द्रव्य कातडीवर पडले तर कित्येकदा लगेच वेदनाही होत नाही, ते मुकाट्याने आत शिरते, शरीरातील कॅल्शियमवर दावा सांगते, आणि तक्रार काही तासांनी दाखल होते. म्हणून लेप लागलाच तर तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे आणि डॉक्टर गाठावा. पेल्याच्या आतील बाजूस आणि ओठ टेकतात त्या काठाशी त्याने लेपास फिरकूही दिले नाही. बाटलीवर सांगितलेली वेळ भरताच पेले वाहत्या पाण्याखाली धरले, कागद सोलला, आणि सर्वांनी माना पुढे केल्या. परंतु पेल्यांवर काहीच नव्हते. आत्याबाईंनी “तरी मी म्हणत होते” या वाक्याचा पूर्वार्ध उच्चारला होता, एवढ्यात पेले वाळले, आणि दुधी, रेखीव अक्षरे एकेक करून प्रकट झाली. आम्लाने काचेचा पृष्ठभाग खडबडीत केलेला असतो, त्यावर प्रकाश विखुरतो म्हणून अक्षर पांढरे दिसते. पाण्याने ती खडबड भरून निघाली की अक्षर बहुतांशी लोपते. नाव कायमचे असते, पण दर्शन पेला कोरडा असतानाच देते.

लग्नानंतर भाचीकडे जाण्याचा योग आला, तेव्हा तिने त्याच पेल्यांतून थंडगार कोकम सरबत आणले. दमट हवेत पेल्यांस बाहेरून पाझर फुटला होता, आणि वधूवरांची नावेही धूसर झाली होती. देणाऱ्यांची यादी असलेले खोके तर केव्हाच रद्दीत गेले होते. “मामा, हे तुम्ही दिलेलेच पेले हं,” असे ती म्हणाली, आणि आत्याबाईंसकट सर्वांची विचारपूस तिने केली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले; मी सरबताकडे पाहिले.

दात्याच्या नावाविषयी महाराष्ट्राने काचेच्याच बाबतीत एक वेगळा दाखला घालून दिलेला आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा जमविण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. पैसा देणाऱ्या त्या असंख्य लोकांपैकी कोणी तेथील काचेवर आपले नाव घालण्याचा आग्रह धरल्याचे ऐकिवात नाही. कारखान्याचे नाव मात्र पैसा फंड असेच राहिले.

तेव्हा ज्यांस ही कला घरी साधावयाची आहे, त्यांनी ती अवश्य साधावी. हातमोजे आणि चष्मा यांत काटकसर करू नये, मुलांस दूर ठेवावे, आणि पेल्यावर नाव घालावयाचेच तर ते घेणाऱ्याचे घालावे. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या स्मरणात राहील इतका लोभ मुळात नसेल, तर ते काचेवर आम्लाने कोरून ठेवण्यात लेपाचा अपव्यय आहे.